बारा गावांच्या घराची फेरणी

बोरटोला, पो. पोंभुर्णा
९ जानेवारी १९८५

श्रावण यास कमरुद्दीनचा सलाम आणि जय भीम.

दिवाळीला येतो म्हणालास आणि आला नाहीस, ते भांडण नंतर. आधी कामाचं.

परवा रस्त्याच्या मापाची माणसं साखळी ओढत ओढत आपल्या बायनाबाईच्या ओसरीपर्यंत आली आणि दर्शनी खांबावर लाल फुली मारून गेली. बांबूचे ट्रक आपल्या वळणावर अडकतात, म्हणून वळण सरळ करायचं आहे. सरळ केलं की रस्ता बायनाबाईच्या चुलीतून जातो. ठेकेदार स्वतः आला होता. मोठा गोड माणूस. बाईला म्हणाला, "तुम्हाला गावाबाहेर नवं घर देऊ, वर सिमेंटचे पत्रे." बाईनं त्याला पाणी दिलं.

तो गेल्यावर मी रॉकेलचं फडकं घेऊन फुली पुसायला गेलो, तर बाईनं माझा हात धरला. "सरकारचा रंग हाये, कमरू. आपून पुसाचा नाई. सरकारलेच पुसाले लावाचं." आता सरकार म्हणजे तिच्या लेखी तू. मुंबईत सरकारी खुर्चीवर बसतोस, त्यामुळे तू सांगितलंस की रंग निघतो, अशी तिची समजूत आहे. मी काही ती मोडली नाही.

चाळीस वर्षं ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घराचा प्रश्न आहे. काय करायचं ते लवकर कळव.

तुझा
कमरुद्दीन मिस्त्री

—

वांद्रे, मुंबई
२४ जानेवारी १९८५

कमरुभाई, जय भीम.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण घाबरू नका. जुन्या वास्तू सांभाळणारं एक खातं आहे, तिथे मी चौकशी केली. इतिहास असेल तर साध्या घरालाही संरक्षण मिळू शकतं. एकदा ते मिळालं की रस्ता काय, मंत्र्याची गाडीही वळसा घालून जाईल.

अर्जात असं लिहिलं आहे, चुकलं असेल तर सांग: "सदर घर रामाजी मास्तर यांनी १९३८ साली महार वस्तीतील मुलांना शिकण्यासाठी बांधले. गावच्या सुतारांनी काम नाकारल्यामुळे चांद्याहून करीमुद्दीन मिस्त्री यांनी येऊन ते उभे केले. आसपासच्या बारा गावांनी प्रत्येकी एक सागाचा खांब दिला. दीडशेच्यावर मुले येथे राहून शिकली. ऑक्टोबर १९५६ मध्ये बारा गावांतील माणसे याच ओसरीत जमून, पांढरे कपडे घालून, दीक्षेसाठी चांद्यास चालत गेली. मास्तरांच्या पश्चात त्यांच्या पत्नी बायनाबाई हे घर सांभाळतात."

तुझ्या अब्बांचं नाव सरकारी कागदावर चढलं बघ. माझं नाव घातलं नाही, घातलं तर म्हणतील स्वतःसाठी खटपट करतो. पण लिहिताना त्या ओसरीत बाई ताटात भाकर टाकायची तेच डोळ्यांसमोर होतं. पहिल्या दिवशी मी बुजून कोपऱ्यात बसलो होतो, तर म्हणाली होती, "खा. उपाशी पोटी शाई सांडते." आज जो काही आहे तो त्या भाकरीवर आहे. ते घर मी जाऊ देणार नाही.

बाईंना सांग, रंग सरकारच पुसेल.

तुझा
श्रावण

—

बोरटोला
१४ मे १९८५

श्रावण यास सलाम, जय भीम.

तुझ्या अर्जाचा गुण आला. रस्त्याचं काम तात्पुरतं थांबलं आणि खात्याचा एक तरुण साहेब पाहणीला येऊन गेला. पण तो आला नेमका छपराच्या फेरणीनंतर.

यंदाची बुद्धपौर्णिमा चांगली झाली. रिवाजाप्रमाणे बारा गावांतून एकेक माणूस आला. तेंदूपत्त्याचे दिवस, एक दिवस बुडाला तर कोण भरून देतं, तरी आले. मी आढ्यावर बसलो. छपराचे कवेलू खालून वर, वरून खाली. फुटके काढले, सरकलेले बसवले, कुजलेल्या बांबूच्या कमच्या बदलल्या. दरसाल हे केलं नाही तर मातीचं घर पावसात टिकत नाही. संध्याकाळी सगळ्यांना बाईच्या हातचं वरण-भात. माझ्यासाठी मिरची वेगळी.

वानरांनी यंदा फार नासधूस केली होती. आपला कुंभार वारला, देशी कवेलू आता कुणी भाजत नाही. म्हणून चुलीच्या बाजूला दोन ओळी कारखान्यातले इंग्रजी कवेलू टाकले. साहेबानं ते पाहिले आणि चष्मा काढून पुसला. म्हणाला, "हे कुणी केलं?" मी छाती काढून सांगितलं, मी केलं. त्यानं काहीतरी लिहून घेतलं. ठेकेदाराचा माणूस शेजारीच उभा होता, त्यानंही लिहून घेतलं.

मला ते लिहिणं आवडलं नाही. बाकी खैरियत. तुझ्या सुलताना भाभीचा गुडघा दुखतो, बाईचे डोळे कमी झाले आहेत. तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो. पहिल्या खांबाला टेकून बसते आणि पत्र संपलं की म्हणते, "आता पुन्हा वाच."

कमरुद्दीन

—

वांद्रे
५ जून १९८५

कमरुभाई,

हे काय करून बसलास! ठेकेदारानं तक्रार केली आहे की घराचं मूळ रूप राहिलेलंच नाही, दरसाल कवेलू बदलतात, मग जुनं काय उरलं? आणि पाहणीच्या टिपणात तुझे इंग्रजी कवेलू आहेतच. दोन ओळींपायी फाईल परत गेली असती. मी हातापाया पडून थांबवली.

आता नीट ऐक. अंतिम आदेश निघेपर्यंत घर "आहे त्या स्थितीत" ठेवायचं आहे. दुसरी पाहणी कधीही होईल. एक कवेलू हलवायचा नाही, एक कमची बदलायची नाही, भिंतीला मातीचा हात द्यायचा नाही. तसं पत्र आणि पाटी खात्याकडून येईल. तू चांगल्या हेतूनं करतोस हे मला कळतं, पण कागदाला हेतू दिसत नाही.

हे बाईंना वाचून दाखव. तू ऐकणार नाहीस, त्या ऐकतील.

श्रावण

—

बोरटोला
२१ नोव्हेंबर १९८५

श्रावण यास सलाम.

पाटी आली. निळी, पांढऱ्या अक्षरांची. "ही वास्तू शासनाच्या विचाराधीन आहे. तिच्या कोणत्याही भागास हात लावणे, फेरबदल वा दुरुस्ती करणे हा गुन्हा समजला जाईल." बाईनं मला तीनदा वाचायला लावली. मग स्वतः जवळ गेली आणि पदरानं पाटीवरची धूळ पुसली. म्हटलं, "बाई, हात लागला, गुन्हा झाला." त्यावर इतकी हसली की खोकला लागला.

लाल फुलीवर पांढरा रंग मारून गेले. तुझं म्हणणं खरं झालं, सरकारनंच पुसली. बाई आल्यागेल्याला दाखवते, "माह्या श्रावणनं पुसवली." वामनराव पाटील, जो मास्तरच्या हयातीत या ओसरीवर कधी चढला नाही, तोही पाटी वाचायला आला आणि बाईला "नमस्कार" म्हणून गेला. हे तुला कळवावंसं वाटलं.

पाऊस बरा गेला. वानरांनी चार-दोन ठिकाणी उघडं पाडलं, तिथे खाली गंज-पातेली ठेवून भागवलं. तू फेरणीपूर्वी आदेश काढ. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, तर ते सहा महिने एव्हाना उलटून गेले.

कमरुद्दीन

—

बोरटोला
७ एप्रिल १९८६

श्रावण यास सलाम, जय भीम.

तुझं पत्र नाही. होळीनंतर गारा झाल्या, लिंबाएवढ्या. माझं स्वतःचं छप्पर दोन दिवसांत दुरुस्त केलं. बाईचं करता आलं नाही. पूर्वेकडचा उतार चाळणी झाला आहे, खाली उभं राहिलं तर आभाळ दिसतं. मयाल, म्हणजे आढ्याचं ते लांब लाकूड, अजून शाबूत आहे. पण मागच्या भिंतीवर पाणी उतरलं तर मी जबाबदार नाही.

मी तुला कधी काही मागितलं नाही. आता मागतो. फक्त फेरणीची परवानगी काढून दे. इंग्रजी कवेलू घालणार नाही. बारा गावांच्या पडक्या घरांतून देशी कवेलू गोळा करतो. एका दिवसाचं काम आहे.

कमरुद्दीन

—

वांद्रे
२ मे १९८६

कमरुभाई, जय भीम.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. ऑफिसात बदल्यांचे दिवस आहेत.

परवानगीचं मी बोललो. ते म्हणतात, दुरुस्तीचा वेगळा अर्ज केला तर मूळ अर्ज मागे पडतो, त्याला वेगळा अंदाज, वेगळी मंजुरी. आणि ठेकेदार टपून बसलाच आहे. फाईल आता सहीला आहे. खरंच सहीला आहे. महिनाभर कळ काढा. एवढं केलं ते एका दिवसासाठी घालवू नका.

बाईंची तब्येत कशी आहे? तू लिहीत नाहीस. घर फार गळत असेल तर बाईंना तुझ्याकडे ने.

श्रावण

—

बोरटोला
२६ मे १९८६

श्रावण यास सलाम.

बुद्धपौर्णिमा झाली. निरोप दिला नव्हता तरी बारा गावांतून माणसं आली. कुणी डोक्यावर, कुणी बंडीत कवेलू घेऊन. जंगू आता पार एटापल्लीकडे असतो, तोही दोन बस बदलून आला. त्याचा बाप मास्तरकडे शिकला होता आणि त्यांच्या गावचा खांब डावीकडून दुसरा. मी शिडी भिंतीला लावली. मनात म्हटलं, सही गेली खड्ड्यात, एवढी माणसं आहेत तर होऊन जाऊ दे.

बाई शिडीच्या खालच्या पायरीवर येऊन बसली. उठेच ना. जंगू म्हणाला, "बाई, घर पडन ना." ती म्हणाली, "कायदा बाबासाहेबानं लिवला. दुसरे मोडतेत तं मोडू दे. आपून काऊन मोडाचा? ह्याच घरात मास्तरनं तुह्या बापाले थेच शिकवलं."

मी बोललो. म्हटलं, बाबासाहेबांनी गळक्या घरात बस असं कुठी लिहिलं ते दाखव. ती माझ्यावर रागावली नाही. म्हणाली, "श्रावण सांगते ना महिनाभर. पोरगं खोटं बोलन का?"

माणसं जेवली. वरण-भात झाला. कवेलू अंगणात रचून सगळे आपापल्या गावी गेले. मिरची नेहमीसारखी होती, मला खाववली नाही.

कमरुद्दीन

—

बोरटोला
१९ जुलै १९८६

श्रावण,

महिना केव्हाच उलटला. पाऊस लागून राहिला आहे. थोडं गळतं. बाई बरी आहे.

सही झाली का?

कमरुद्दीन

—

वांद्रे
२२ ऑगस्ट १९८६

कमरुभाई, जय भीम! जय भीम! जय भीम!

झालं. काल सही झाली. आदेशाची प्रत माझ्या हातात आहे. आपलं घर आता संरक्षित वास्तू. रस्ता कायमचा वळसा घालून जाणार. ऑफिसात पेढे वाटले. माझी बायको म्हणाली, मुलगा झाला तेव्हाही तुम्ही एवढे नाचला नव्हता.

आता सांगायला हरकत नाही. मे महिन्यात फाईल सहीला नव्हती. तुझ्या त्या परवानगीच्या पत्राच्या वेळी ती शेरा मारून परत गेली होती आणि माझी त्या मजल्यावरून बदली झाली होती. तुम्ही लोक धीर सोडाल आणि काहीतरी करून बसाल म्हणून लिहिलं नाही. दोन महिने मी एकेका टेबलापुढे उभा राहिलो. पण शेवट गोड झाला ना? आता दिवाळीत येतो, आणि या वेळी खरंच येतो. दुरुस्तीचा अंदाज खातं स्वतः करणार आहे, तेव्हा यापुढे फेरणीची काळजी सरकारची.

हे पत्र बाईंना त्यांच्या खांबापाशी बसवून वाचून दाखव. "आता पुन्हा वाच" म्हणाल्या तर दोनदा वाच.

तुझाच
श्रावण

—

बोरटोला
३१ ऑगस्ट १९८६

श्रावण,

तुझं पत्र काल आलं. पहिल्या खांबापाशी बसून मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं.

बाई वीस तारखेला गेली. तार केली नाही, कारण तार करायला पोंभुर्ण्याला जावं लागतं आणि पुलावरून पाणी होतं. नंतर पाणी उतरलं, पण माझ्यानं जाववलं नाही. तुझ्या सहीच्या आदल्या दिवशी गेली. बैल गेला आणि झोपा केला अशी म्हण आहे, पण ती बैलासाठी आहे.

"थोडं गळतं, बाई बरी आहे" असं मी जुलैत लिहिलं ते खोटं होतं. पूर्वेकडच्या खोल्यांत घोट्याएवढा चिखल होता. ती आत, घरात, डोक्यावर पोत्याचा घोंगता घेऊन बसून झोपायची. मागची भिंत फुगली होती. टेकू लावतो म्हटलं तर नाही. ताडपत्री टाकतो म्हटलं तर खिळे मारावे लागतील म्हणून नाही. सुलताना तिला घरी न्यायला दोनदा गेली. एकदा तर पाय धरले. बाई म्हणे, "घर रिकामं दिसलं का थो ठेकेदार म्हणन, इथी कोनी राह्यतच नाई, पाडा." आणि मला बजावलं, "श्रावणले लिवू नोको. पोरगं घाबरन अन् अर्ज मागं घेईन." मी तिचं ऐकलं. ती तुझं ऐकत होती. तू कुणाचं ऐकत होतास ते मला माहीत नाही.

दुपारची वेळ होती. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं. मी तिच्यासाठी भाजी घेऊन येत होतो. अंगणापर्यंत आलो तोच मागची भिंत बसली, पडण्याचा मोठा आवाजही झाला नाही. मयालीचं एक टोक सुटलं आणि चुलीच्या बाजूचं सगळं छप्पर खाली आलं. बाई चुलीपाशी होती.

मी हाका मारल्या. आतून एकदा उत्तर आलं. "कमरू," एवढंच. मग मी कवेलू उचलायला लागलो. माणसं धावत आली, पण चिखल आणि फुटलेलं लाकूड, एका वेळी दोघांनाच शिरता येत होतं. एवढी वर्षं तिच्या छपरावर बसून कवेलू फेरले, त्याच सवयीनं मी एकेक उचलून बाजूला रचत होतो. फुटू नयेत म्हणून. सुलताना ओरडली, "फेको ना, फेको!" तेव्हा भानावर आलो. पोहोचलो तेव्हा अंग गरम होतं. तेवढंच.

तिला जाळलं तेव्हा बारा गावांची माणसं होती. वामनराव पाटीलही होता.

बाराच्या बारा खांब उभे आहेत, श्रावण. अब्बाचं काम. वर काही नाही.

पंचनाम्याला तलाठी आला. पहिलाच प्रश्न विचारला, "कवेलू कुणी हलवले?" मी म्हटलं, मी हलवले. त्यानं लिहून घेतलं. काल तुझ्या पत्राबरोबरच खात्याचा लिफाफा आला, माझ्या नावानं. आदेश लागू झाला आहे आणि वास्तू आहे त्या स्थितीत जतन करायची आहे. म्हणजे आता हा ढिगारा. त्याला कुणी हात लावायचा नाही. चुलीच्या मातीत बाईच्या बांगड्यांचे तुकडे दिसतात, ते उचलायला गेलो तर वामनरावानंच मला मागं ओढलं, "मिस्त्री, पुन्हा केस होईल."

लिफाफ्यात एक नोटीसही आहे. संरक्षित वास्तूचे कवेलू विनापरवानगी का हलविले, याचा खुलासा पंधरा दिवसांच्या आत लेखी करावा.

माझं शिक्षण त्या ओसरीतलं, सातवीपर्यंतचं. तू शिकलेला आहेस, सरकारची भाषा तुला येते. काय लिहू ते कळव.

कमरुद्दीन